एकाच खुर्चीची गोष्ट
‘केस’ या वाङ्मयप्रकाराचे एक वाचन

व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले एमबीए, दोन वर्षांची असते. या दोन वर्षांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक प्रवेशपरीक्षा, शुल्क आणि पगार या तीन गोष्टींभोवती फिरते. ही मुले दोन वर्षे वाचतात काय, आणि त्या वाचनाने त्यांची नजर कशी घडते, याची वाङ्मयाच्या अंगाने चर्चा झालेली निदान माझ्या पाहण्यात नाही.

मला हा प्रश्न पडला तो योगायोगाने. २०१८ च्या दिवाळीत माझी पुतणी सुट्टीवर घरी आली. पुण्याच्या एका महाविद्यालयात ती एमबीएच्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या पिशवीत झेरॉक्स केलेल्या ‘केसेस’चा गठ्ठा होता. मी बारावीनंतर पतसंस्थेत चिकटलो तो तिथलाच झालो. छापील कागद दिसला की वाचायचा, एवढीच माझी विद्या. चार दिवसांत मी अकरा केसेस वाचून काढल्या. पुतणी हसून म्हणाली, “काका, तुम्ही हे गोष्टीसारखं वाचताय. केस वाचायची नसते, सोडवायची असते.”

तिचे म्हणणे खरे होते. पण कोणी वाचलीच नाही तर तिच्यातले गुण आणि खोट दिसणार कशी? तेव्हापासून मिळेल ती केस मी गोष्टीसारखीच वाचत आलो आहे. त्या वाचनातून हाती आले ते येथे मांडतो.

१

ज्यांनी केस पाहिलेली नाही अशा वाचकांसाठी तिची ठेवण सांगतो. दहापासून पंचवीस पानांपर्यंतचा मजकूर. आरंभी एक व्यवस्थापक भेटतो. तो सहसा कार्यालयात किंवा विमानात असतो, आणि त्याला चार-दोन दिवसांत काहीतरी ठरवायचे असते : कारखाना बंद करावा की चालवावा, किंमत वाढवावी की नाही, नव्या शहरात जावे की नाही. मग निवेदन मागे जाते. कंपनीचा इतिहास, धंद्याची स्थिती, प्रतिस्पर्धी, माणसे. अखेरच्या परिच्छेदात आपण पुन्हा त्या व्यवस्थापकापाशी येतो. तो अजून विचारच करत असतो. तिथे केस संपते. त्यापुढे फक्त तक्ते.

हा शेवट मला फार आवडला. आपल्याकडच्या बोधकथेला तात्पर्य लागते; केसला तात्पर्य नाही. निर्णय वाचकावर सोपवलेला असतो, आणि वर्गात सत्तर मुलांची सत्तर मते झडतात. माहिती अपुरी, वेळ थोडा, आणि तरीही काहीतरी ठरवलेच पाहिजे, ही माणसाच्या जगण्यातली अवस्था या प्रकाराने नेमकी पकडली आहे. हार्वर्डच्या विद्यार्थ्याच्या हातून दोन वर्षांत अशा सुमारे पाचशे केसेस जातात. आपल्याकडच्या सामान्य महाविद्यालयांत व्याख्याने आणि नोट्स यांवरच भर असतो आणि केसेस कमी असतात. पण आदर्श म्हणून डोळ्यांपुढे असते ती केसच.

आता खोट. पाचशे वेळा वाचक खुर्चीत बसतो, आणि ती खुर्ची जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच बाजूची असते. केसमध्ये कामगार येतात, ग्राहक येतात, गावकरी येतात. पण ‘मी काय करू?’ हा प्रश्न विचारण्याचा हक्क निर्णय घेणाऱ्याचा. इतरांच्या वाट्याला येते ती त्याच्या प्रश्नातली अडचण होण्याची भूमिका. कादंबरीच्या भाषेत बोलायचे तर केसमध्ये पात्रे पुष्कळ, मन एकाचेच.

२

ही खोट कुठून आली हे शोधताना एक गोष्ट लक्षात आली. ‘केस’ हा शब्द आणि ही पद्धत दोन्ही व्यापाराच्या शिक्षणात कायद्याच्या शिक्षणातून आली. १८७० मध्ये ख्रिस्तोफर लँगडेल हे हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचे डीन झाले आणि त्यांनी विद्यार्थ्यांपुढे नियमांच्या जंत्रीऐवजी प्रत्यक्ष न्यायालयीन निकाल ठेवले. याच विद्यापीठात १९०८ मध्ये व्यवसाय-प्रशासनाचे महाविद्यालय निघाले आणि दोन वर्षांचा एमबीए सुरू झाला. १९१९ मध्ये तिथे डीन म्हणून आलेले वॉलेस डोनम हे स्वतः कायदा शिकलेले. त्यांनी ही पद्धत व्यापाराच्या वर्गात रुजवली. १९२० मध्ये मेल्विन कोपलंड यांचे विपणनाच्या प्रश्नांचे पुस्तक आले, आणि १९२१ मध्ये ‘जनरल शू कंपनी’ ही क्लिंटन बिडल यांनी लिहिलेली केस. हार्वर्डची पहिली केस म्हणून तिचा उल्लेख होतो.

माझा मुद्दा या स्थलांतराविषयी आहे. न्यायालयातल्या केसला दोन पक्ष असतात. वादीचे म्हणणे असते, प्रतिवादीचे असते, आणि दोन्ही ऐकल्यावाचून निकाल लागत नाही. कायद्याचा विद्यार्थी आज वादीच्या बाजूने बोलतो, उद्या प्रतिवादीच्या. व्यापाराच्या वर्गाने पद्धत उचलली, शब्द उचलला, वादविवादाची शिस्तही उचलली. दुसरा पक्ष मात्र वाटेत गळला. जे उरले ते आपल्या सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरच्या जवळ जाणारे आहे. केसपेपर रोग्याविषयी असतो, पण तो लिहितो डॉक्टर.

‘जनरल शू’चा प्रश्न या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जोडे बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार सुटीच्या ठरल्या वेळेआधीच काम थांबवतात, असे आढळून आले आहे. व्यवस्थापनाने आता काय करावे? हाच प्रसंग कारखान्याच्या दुसऱ्या टोकाकडून सांगितला असता तर प्रश्न वेगळा झाला असता : आम्ही लवकर का उठतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर उपाय असते. दुसऱ्याचे उत्तर कारण असते. पहिल्याच पानावर या वाङ्मयप्रकाराने आपली बाजू निवडली, आणि पुढची शंभर वर्षे ती फारशी बदलली नाही.

यावर एक आक्षेप येईल : व्यवस्थापक घडवायचे तर व्यवस्थापकाचीच खुर्ची द्यावी लागणार, यात खोट कसली? आक्षेप वाजवी आहे. पण राज्यकर्ते घडवण्यासाठी रचलेला ग्रंथ आपल्याकडेही होता. तीन राजपुत्रांना सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकवण्याची प्रतिज्ञा करून विष्णुशर्म्याने पंचतंत्र सांगितले, अशी त्याची चौकट आहे. त्याच्या पहिल्या तंत्राचा आरंभ तर वर्धमानक नावाच्या व्यापाऱ्यापासूनच होतो. त्याचा संजीवक बैल वाटेत यमुनेकाठी चिखलात रुततो आणि व्यापारी पुढे निघून जातो. आजची केस त्या व्यापाऱ्याबरोबर पुढे गेली असती : बैल सोडावा की थांबावे, माल वेळेवर पोचेल का? पंचतंत्र बैलाजवळ थांबते. तो बरा होतो, डरकाळी फोडतो, सिंहाशी बोलतो, फसतो आणि मरतो. ऐकणारे राजपुत्र आहेत, तरी त्यांना बैलाचे, कोल्ह्याचे, सिंहाचे अशी सगळी मने ऐकावी लागतात. खुर्चीसाठी शिकवायचे तरी गोष्ट एकाच खुर्चीतून सांगावी लागत नाही, याला आणखी पुरावा नको.

कॅनडातले अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ मध्ये एमबीएवर एक पुस्तकच लिहिले. ज्यांनी कधी काही चालवलेले नाही त्यांना वर्गात बसून व्यवस्थापन शिकवता येत नाही, असा त्यांच्या टीकेचा गाभा आहे. तो मला मान्य आहे. पण ती टीका अनुभवाविषयी आहे. माझी तक्रार निवेदनाविषयी आहे. अनुभवी माणूसही एकाच खुर्चीतून पाचशे गोष्टी वाचेल तर त्याला खोलीत दुसरी खुर्ची आहे याचा विसर पडेल.

३

आता आपल्या घरची केस. २०१० मध्ये हार्वर्डने मुंबईच्या डबेवाल्यांवर केस प्रसिद्ध केली. लेखक स्टीफन थॉमके आणि मोना सिन्हा. विषय अचूक वेळेवर डबा पोचवणारी व्यवस्था आणि बदलत्या काळात तिच्यापुढची आव्हाने. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागांतली माणसे, डोक्यावर गांधी टोपी, डब्याच्या झाकणावर रंगाने लिहिलेली खूण, आणि लोकलच्या वेळापत्रकावर बसवलेले काम. संगणक नसताना हे कसे साधते, याचे जगाला कुतूहल वाटले आणि आपल्याला अभिमान. दोन्ही रास्त. कमी शिकलेल्या माणसांकडून उच्चशिक्षितांनी शिकावे असे या केसने वर्गात घडवले, हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये.

तरीही गोष्ट म्हणून वाचली की प्रश्न उरतात. या केसचा कणा ‘डबा चुकत का नाही?’ हा आहे. तो विचारणाऱ्याला आपली संस्था तशी चालवायची आहे. डबेवाल्याच्या खुर्चीतून प्रश्न वेगळे असतात : गुडघे किती वर्षे टिकतील? मुलगा हाच धंदा करील का, आणि त्याने करावा असे मला वाटते का? डबा भरणाऱ्या बाईच्या ओट्यापाशी तिसराच प्रश्न : तो न चुकता दहाला येतो, म्हणून मी किती वाजता उठायचे? न चुकणाऱ्या व्यवस्थेत अचूकपणाचे ओझे कोणाकोणाच्या अंगावर असते, याचा हिशेब अचूकतेच्या आकड्यात दिसत नाही.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि शंभरावर वर्षे चाललेले हे काम एका दिवसात बंद पडले. अनेक डबेवाले गावी परतले, शेतीला किंवा मिळेल त्या मजुरीला लागले. व्यवस्थेत दोष नव्हता, माणसांत नव्हता. ज्या गोष्टीत ‘व्यवस्था’ हीच नायिका असते, तिच्यात व्यवस्था थांबल्यावर माणसांचे काय होते याला जागा नसते. ती उणीव या एका केसची नाही, साच्याची आहे.

४

हा साचा भारतात आला त्या दारापाशीच त्याला प्रश्न विचारणारा माणूसही उभा होता, हे नोंदवले पाहिजे. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये हार्वर्डच्या सहकार्याने स्थापन झाली आणि १९६४ मध्ये तिथे दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. घोड्याच्या नालेच्या आकाराचे वर्ग, मध्ये शिक्षक, चहूकडून वाद : सगळे केससाठी बांधलेले. रवी मथाई हे तिचे पहिले पूर्णवेळ संचालक, १९६५ पासून. १९७२ मध्ये त्यांनी आपण होऊन ते पद सोडले आणि तिथेच प्राध्यापक म्हणून राहिले. खुर्ची सोडून त्याच इमारतीत साध्या बाकावर बसणे आपल्याकडे किती दुर्मीळ आहे, हे वाचकांना सांगायला नको.

पुढे १९७५ मध्ये ते राजस्थानात तेव्हाच्या अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा या दुष्काळी भागात गेले. तिथल्या विणकरांना आणि चामड्याचे काम करणाऱ्यांना बरोबर घेऊन एक प्रयोग उभा केला. राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतले लोकही त्यात होते. आरंभाचा प्रश्न ‘यांच्यासाठी काय करावे’ असा नव्हता. यांना काय येते, आणि त्याच्या बळावर हे स्वतः काय ठरवू शकतात, असा होता. प्रयोग सोपा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ठरवलेले ऐकणाऱ्या माणसांनी स्वतःचा माल, किंमत आणि बाजार ठरवायला शिकणे कष्टाचेच असते. १९८४ मध्ये मथाई गेले. या प्रयोगावरचे त्यांचे पुस्तक पुढच्या वर्षी निघाले. मी त्याकडे केसच्या परंपरेतल्या आत्मटीकेचा ग्रंथ म्हणून पाहतो. त्यात खुर्ची विणकराकडे सरकवण्याची खटपट आहे.

५

शेवटी पुन्हा पुतणीकडे. पहिल्या वर्षानंतर दोन महिने कंपनीत प्रकल्प करावा लागतो; मुले त्याला ‘समर’ म्हणतात. तिला माल घरपोच पोचवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात टाकले होते. विषय : पोचवणारी मुले तीन-चार महिन्यांत काम का सोडतात आणि ती टिकवण्यासाठी काय करावे. तिने पहिल्या आठवड्यात त्या मुलांशी बोलून वहीत लिहून घेतले. कोणाला दुचाकीचा हप्ता आणि पेट्रोल वजा जाता हाती काही उरत नव्हते. कोणी पावसात घसरून पडला आणि त्या दिवसाचे पैसेही गेले. एकाने सांगितले होते, “ताई, सोडत नाही आम्ही. दमतो, आणि मग जात नाही.”

कंपनीतल्या साहेबांनी ती पाने पाहून सांगितले की हे गोळीबंद मुद्द्यांत बसत नाही. अहवालातून ती गेली. तिच्या जागी टक्केवारीचा आलेख आला. शंभर वर्षांपूर्वीच्या जोड्यांच्या कारखान्यातला प्रश्न पुण्याच्या वेशीवरच्या गोदामात जसाच्या तसा उभा होता, आणि उत्तरही त्याच बाजूकडून मागितले जात होते.

त्या रात्री तिचा फोन आला. मी तिला शहाणपण शिकवण्याच्या योग्यतेचा नाही. एवढेच म्हणालो, की तुमच्या ‘केस’ या शब्दाला पूर्वी दोन पक्ष असत. ती बराच वेळ गप्प होती. महाविद्यालयाला द्यायच्या प्रतीत तिने ती पाने मुलांची नावे काढून पुन्हा घातली. मार्गदर्शक बाईंनी हरकत घेतली नाही. फक्त परिशिष्टात टाक म्हणाल्या.

तो अहवाल माझ्याकडे आहे. चौसष्ट पाने, आणि शेवटी परिशिष्ट ‘ड’, तीन पाने. पाहुण्यांत कोणी एमबीएला प्रवेश घेतला आणि काय वाचू म्हणून विचारले, की मी तो त्याच्या हातात देतो आणि मागून वाचायला सुरुवात कर म्हणून सांगतो.