उसना कोट आणि उसना चेहरा

सीबीडी बेलापूरला कोकण भवनाच्या आसपास झेरॉक्सची आणि फोटोची दुकाने आहेत. कागद कोणताही असो, दाखल्याचा की नोकरीच्या अर्जाचा, त्याला चेहरा चिकटवावाच लागतो. माझ्या पुतणीला तेथल्याच एका कार्यालयात अर्ज करावयाचा होता. 'हेडशॉट' हवा, असे जाहिरातीत होते. स्टुडिओवाल्याने तीन हजार सांगितले. तिने मोबाइलवरचे दहाबारा साधे फोटो एआयच्या हवाली केले आणि काहीशे रुपयांत चाळीस चित्रे मिळवली. गडद कोट, मागे धूसर काचेची इमारत, मोजून घेतलेले हसू.

वहिनींनी ती पाहिली आणि विचारले, "ही कोण गं?"

ही चित्रे मी समीक्षकाच्या नजरेने पाहिली. त्वचा दोन छटांनी उजळली आहे. नाक निमुळते झाले आहे. कपाळावरचा, लहानपणी पडलेल्या खोकेचा व्रण नाहीसा झाला आहे. यांतले काहीच तिने मागितले नव्हते. 'व्यावसायिक दिसेल असा फोटो' एवढेच तिचे मागणे होते. 'व्यावसायिक' या शब्दाचा अर्थ यंत्राने लावला आणि तो अर्थ वर्णाचा निघाला. 2023 साली अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणाऱ्या आशियाई वंशाच्या एका विद्यार्थिनीनेही असेच मागणे केले, तेव्हा यंत्राने तिची कातडी गोरी केली आणि डोळे निळे! यंत्राच्या मनात द्वेष असतो असे मी म्हणत नाही; त्याला मनच नाही. ज्या असंख्य चित्रांवर ते पोसले गेले, त्यांत सुटाबुटातला चेहरा कोणाचा होता, एवढाच प्रश्न आहे. प्रस्थापितांची अभिरुची येथे गणिताच्या रूपाने परत आली आहे, आणि गणिताशी भांडता येत नाही असा आपला समज असतो.

मग छायाचित्रकाराकडेच जावे, असे काही मित्र म्हणतील. पण कॅमेरा तरी कोठे निर्मळ होता? विल्यम जॉन्सनने 1863 ते 1866 या काळात मुंबईच्या निरनिराळ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत स्टुडिओत टिपलेली माणसे कापून भलत्याच देखाव्यांवर बसवलेली आहेत. पाठोपाठ 1868 ते 1875 या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड सरकारने काढले. तेथे माणूस म्हणजे जातीचा नमुना. पुढे कोडॅकच्या रंगीत छपाईचे माप कित्येक वर्षे 'शर्ली कार्ड'वरच्या गोऱ्या स्त्रीच्या कांतीवरून ठरत असे. आणि आपला कोपऱ्यावरचा फोटोवाला? "ताई, जरा उजळ करू का?" हा प्रश्न आपल्यापैकी कोणी ऐकला नाही?

तरीही तो विचारतो. विचारणाऱ्याला नाही म्हणता येते. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची काढलेली छायाचित्रे आठवा. तो माणूस घाणीसकट, थकव्यासकट समोर येतो, पाहणारा अवघडतो. कोणीतरी त्याच्यासमोर जाऊन उभे राहिल्याशिवाय असे चित्र निघत नाही.

आमच्या घरात माझ्या आजोबांचा एकच फोटो आहे. गोदीत कामाला असताना स्टुडिओत काढलेला. कोट स्टुडिओच्या खुंटीवरचा, बाह्या आखूड. पुतणी म्हणाली, "काका, पणजोबांचा कोट तरी कुठे त्यांचा होता? मग माझ्याच कोटावर राग का?"

प्रश्न बिनतोड आहे. अंगावर काय घालावे हेही ज्या समाजात जात ठरवीत होती, तेथे बाबासाहेबांचा सूट पाहून आमच्या माणसांनी उसना का होईना, कोट चढवला. त्या कोटावर माझा आक्षेप कसा असेल? पण आजोबांची बसलेली गालफडे, काळा रंग, कॅमेऱ्यावर रोखलेली नजर, हे सारे त्यांचेच राहिले. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांची सुमारे 160 छायाचित्रे आज ज्ञात आहेत, आणि त्यांत ते क्वचितच हसतात. गोऱ्या चित्रकारांच्या हातून काळ्यांचे निःपक्षपाती चित्र उतरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांना कॅमेरा जवळचा वाटला. एआयने त्या चित्रकाराला पुन्हा कामावर ठेवले आहे.

मात्र तीन हजारांचा प्रश्न माझ्या समीक्षेने सुटत नाही. पुतणीने त्या चाळिसांतले एक चित्र लावून अर्ज केला. मुलाखतीत समोरच्या माणसाने कागदाकडे, मग तिच्याकडे, पुन्हा कागदाकडे पाहिले. "हा तुमचाच ना?" नोकरी मिळाली नाही, कारण कळले नाही.

पुढच्या अर्जासाठी आम्ही दोघे कोकण भवनाजवळच्या दुकानात गेलो. त्याने साधा फोटो काढला. पडद्यावर आला तेव्हा व्रण नव्हता! "मी काही केलं नाही, सॉफ्टवेअर आपोआप करतं," तो ओशाळून म्हणाला. पुतणी म्हणाली, "ते बंद करा." कोठे बंद होते, हे त्याला ठाऊक नव्हते. दहा मिनिटे त्याने शोधले, मागे रांग वाढली, एकदोघे कुरकुरले. मग सापडले.

अर्जाला तोच फोटो लावला आहे. उत्तर अजून आलेले नाही.