एडिसनच्या आधीची रेघ

ध्वनिमुद्रणाचा शोध एडिसनने १८७७ मध्ये लावला, असे आपण वर्गात सहज सांगतो. हे विधान दुरुस्त करावे असे आम्हांला वाटते. पॅरिसमधील एदुआर-लेओं स्कॉट द मार्तँव्हिल हा छापखान्यात काम करणारा गृहस्थ. त्याने १८५७ मध्येच 'फोनोटोग्राफ' या यंत्राचे पेटंट घेतले होते. कर्ण्याच्या टोकाशी ताणून बसवलेला पडदा, त्याला चिकटवलेला राठ केस आणि हाताने फिरवायच्या नळकांड्यावर काजळी धरलेला कागद, एवढीच सामग्री. कर्ण्यासमोर बोलले की पडदा कंप पावे आणि केस काजळीत नागमोडी रेघ ओढी. ही ध्वनीची नोंदच होय.

मग स्कॉट मागे का पडला? त्याला ही रेघ डोळ्यांनी वाचायची होती. ती ऐकण्याची सोय त्याच्या यंत्रात नव्हती. ध्वनी पुन्हा ऐकवला तो एडिसनने. त्याचे श्रेय तेवढे आणि तेही मोठेच.

२००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी स्कॉटची १८६० मधील एक रेघ संगणकाच्या साहाय्याने ऐकवली. आवाज मुलीचा वाटला. शेजारीच नोंदवलेल्या नादकाट्याच्या कंपनांचा अर्थ लावताना वेग दुप्पट धरला गेला होता. २००९ मध्ये ही चूक सुधारल्यावर पुरुषाचा, बहुधा स्कॉटचाच, संथ स्वर ऐकू आला.

'शोध कोणी लावला?' या प्रश्नात हे सारे मावत नाही. 'कोणी नेमके काय केले?' असे विचारावे. त्याआधी काजळी धरलेल्या काचेवर नादकाट्याची रेघ मुलांनाच काढू द्यावी.