तगर नगरीचे व्याख्यान आणि लोहाऱ्याचा श्रोता

धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयांत प्राचीन जगावर व्याख्यान असले की तगर नगरीचा उल्लेख हमखास येतो. तगर म्हणजे तेरणाकाठचे आजचे तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर असल्याचे नमूद आहे. तगराहून साधे कापड, तलम मलमल आणि इतर वस्त्रे गाड्यांत भरून भडोचला जात असत. टॉलेमीलाही हे नगर ठाऊक होते. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली मांडले. पुढे तेथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आणि १९३८ साली पाँपेईच्या अवशेषांत मिळालेली तशीच भारतीय प्रतिमा यांचे साम्य अभ्यासकांच्या ध्यानी आले. एवढी सामग्री हाती असल्यावर वक्त्याचा तास सहज भरतो. लोहाऱ्यासारख्या तालुक्यातून आलेला विद्यार्थी आपल्या जिल्ह्याचे नाव रोमपर्यंत पोचले होते या आनंदात घरी परततो.

या आनंदाला आमचा विरोध नाही. आमची हरकत व्याख्यानाच्या दृष्टिकोनाला आहे. तगराकडे पाहणारा डोळा भडोचच्या धक्क्यावर उभा असतो. माल कोठे गेला हे सांगितले जाते, तो कोणी विणला हे सांगितले जात नाही. रोमन मद्यकुंभाच्या तुकड्यावर अर्धा तास खर्ची पडतो. तेरच्या उत्खननात विटांचा स्तूप आणि चापाकार चैत्यगृह उजेडात आले, ही गोष्ट मात्र एका वाक्यात, ‘येथे बौद्ध अवशेषही मिळतात’ अशा ‘ही’सह उरकली जाते. ज्या नगरीचा व्यापारी आणि कारागीर वर्ग संघाला दान देत होता, तिच्या अर्थव्यवस्थेचे विवेचन संघाला वगळून कसे पूर्ण होते, हा प्रश्न आम्ही विचारतो.

तेरच्या त्रिविक्रम मंदिराचे उदाहरण घ्यावे. विटांची ही चापाकार वास्तू पाहून हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ती मूळची बौद्ध चैत्यगृह असावी असे मत पुरातत्त्व खात्याच्या अहवालात मांडले. हे मत सर्वांनाच मान्य झालेले नाही. चापाकार विधान केवळ बौद्धांचे नव्हते, इतर पंथांनीही ते वापरले, हा आक्षेप वजनदार आहे आणि आम्ही तो टाळू इच्छित नाही. परंतु चर्चासत्रात हा वाद वाद म्हणून विद्यार्थ्यासमोर आलाच पाहिजे. कझिन्स काय म्हणाले, विरोधकांचे पुरावे कोणते, विटांचे आकार आणि बांधणी काय सांगते, हे न मांडता ‘प्राचीन विष्णुमंदिर’ एवढेच सांगून पुढे जाणे ही अध्यापनातील पळवाट होय.

तितक्याच परखडपणे आपल्या बाजूविषयीही बोलले पाहिजे. आपल्या विहारांतील प्रवचनांत प्रत्येक लेणे, प्रत्येक टेकाड आणि गावाचे प्रत्येक नाव बौद्ध ठरविण्याची घाई दिसते. उद्या कोणी लोहारा या नावावरून तेथे प्राचीन लोहकारांची बौद्ध वसाहत होती असे सांगू लागेल. नावाच्या ध्वनीवर इतिहास उभा राहत नाही. ज्या पद्धतीने आपला वारसा झाकला गेला, तीच सैल पद्धत आपण आपल्या लाभासाठी वापरली तर विद्यापीठाला जाब विचारण्याचा अधिकार आपण गमावू.

आणि त्याची गरजही नाही, कारण भक्कम पुरावा दगडावर कोरलेला आहे. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने कान्हेरी येथे वाटेचे दान दिले. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कार्ले येथील चैत्यगृहाच्या दारावर आहे. पैठणच्या मितदेव या गंध्याचे नाव पितळखोऱ्यात आहे. कार्ले आणि जुन्नर येथे यवन दातेही आहेत. येथे लोहार, सुतार, गंधी आणि परदेशी व्यापारी एकाच प्रकारच्या वाक्यात, आपापल्या नावानिशी उभे आहेत. (तथागतांना अखेरचे भोजन देणारा चुंदही कम्मारपुत्त, म्हणजे लोहाराचाच मुलगा होता.) प्राचीन महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे यापेक्षा थेट साधन दुसरे नाही. परंतु विद्यापीठीय वर्गात हे लेख लिपीशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत जातात. अक्षराचे वळण तपासले जाते, अक्षर कोरवून घेणाऱ्या माणसाची विचारपूस होत नाही.

चर्चासत्र म्हणजे काय असते, हे आम्हाला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रावरून शिकता येते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. वय पंचवीस वर्षे. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या, त्यांतील ग्राह्य भाग घेतला, उणिवा दाखविल्या आणि मग स्वतःचा सिद्धान्त मांडला. पुढील वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला. त्याच विद्यापीठात त्यांनी प्राचीन भारतीय व्यापारावरही प्रबंधलेखन केले होते. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते १९९३ साली छापले गेले. तगराच्या व्यापारावर बोलणाऱ्या प्राध्यापकांपैकी किती जण विद्यार्थ्याला तो खंड उघडावयास सांगतात?

आजच्या चर्चासत्राची रीत वेगळी आहे. उद्‍घाटन आणि सत्कार यांत सकाळ जाते. दुपारी एका सत्रात निबंधांची रांग लागते, वाचकाला पाच मिनिटे मिळतात, प्रश्नोत्तरे वेळेअभावी रद्द होतात आणि सायंकाळी प्रमाणपत्रे वाटली जातात. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी निबंधवाचनाला गुण दिले, तेव्हापासून ही रांग अधिकच लांबली. प्रश्नोत्तरे ही गाळण्याची बाब ठरली की चर्चासत्र उरत नाही. ज्या धम्मात कालामांना केवळ परंपरा किंवा गुरूचा अधिकार एवढ्यावर विसंबू नका असे सांगितले गेले, त्याच्या अनुयायांनी तरी ही रीत निमूटपणे स्वीकारू नये.

लोहाऱ्याच्या श्रोत्याला अशा सत्रात स्थान नसते. तो अंतराने दूर असतो आणि निबंधाच्या इंग्रजीमुळे अधिकच दूर जातो. वास्तविक हा परिसर वैचारिक परिषदांना अपरिचित नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये निजामी राजवटीत कसबे तडवळे येथे वतनदारांच्या परिषदेस बाबासाहेब आले, तेव्हा खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकांनी वतनासारखा किचकट विषय ऐकला आणि समजून घेतला. त्यांच्या नातवंडांना शिलालेख कळणार नाहीत असे मानण्यास आधार नाही.

आमची सूचना साधी आहे. येत्या वर्षावासात जिल्ह्यातील विहारांनी दर पौर्णिमेस एकच दानलेख घ्यावा. मूळ प्राकृत पाठ, त्याचा मराठी अर्थ आणि त्यावरील मतभेद असे तिन्ही वाचावेत. विद्यापीठातील प्राध्यापकांना निमंत्रण द्यावे, परंतु व्याख्यान अर्ध्या तासाचे आणि प्रश्न एक तासाचे ठेवावेत. अखेरची बैठक तेर येथे, लामतुरे संग्रहालय पाहून, त्रिविक्रम मंदिराच्या परिसरात भरवावी आणि कझिन्स यांच्या मताच्या बाजूने व विरुद्ध अशी दोन भाषणे दोन विद्यार्थ्यांनी करावीत. विरुद्ध बाजूचे भाषण आपल्याच उपासकांपैकी कोणी तरी करावे, असा आमचा आग्रह राहील.