दहा राग, एक ठोका आणि ‘पहिला’ हा मान

चरणजित सिंग यांच्या ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या तबकडीविषयीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाशी येऊन थांबते : ‘ॲसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार शिकागोत जन्मला की मुंबईत? या वादात तबकडी ऐकायचीच राहून जाते, असे माझे मत आहे.

सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले मुंबईकर वादक. १९८२ साली त्यांनी तबला बाजूला ठेवला आणि रोलँड कंपनीची तीन जपानी यंत्रे घेऊन भैरवी, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले. एचएमव्हीने काढलेली ही तबकडी लवकरच विस्मरणात गेली. १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रचना आली आणि तिच्यापासून ॲसिड हाउसची गणना सुरू झाली. २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या छोट्या डच कंपनीने सिंग यांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा युरोपातले श्रोते चकित झाले. टीबी-३०३ हे खर्जाचे स्वर देणारे यंत्र दोन्हीकडे होते.

यंत्र एकच असले तरी त्यामागचा विचार एक नाही. ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये एक लहानशी स्वरावली दहा मिनिटांहून अधिक काळ फिरत राहते, बदलत जातो तो तिचा नाद. वादकाचे काम खुंट्या फिरवण्याचे. सिंग यांच्याकडे नेमके उलटे घडते. टीबी-३०३ची आवर्तने आणि टीआर-८०८चा ठोका खाली चालू राहतात आणि वर ज्युपिटर-८वर हाताने वाजवलेला राग पुढे सरकतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची यंत्रातली सोय ते मींडेसाठी राबवतात. शिकागोत नाद प्रवास करतो, इथे स्वर.

या प्रयोगाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तोडीचा अतिकोमल गंधार पाश्चात्त्य पट्टीच्या यंत्रात सापडत नाही. डिस्कोचा ठोका प्रत्येक मात्रेला सारखाच पडतो. त्याला खाली-भरी ठाऊक नाही. लय जवळजवळ एकच असल्याने ललितची पहाट आणि मालकंसची रात्र यांतले अंतर पुसट होते. भूपाळी आणि कलावती मात्र चांगले टिकतात. पाचच स्वरांच्या या रागांना मोकळी जागा मिळते, आणि ठोक्याची अखंडता तिथे आसासारखी काम करते.

म्हणून ‘पहिला ॲसिड हाउस’ हा मान मला घातक वाटतो. त्यामुळे जे सिंग यांनी केलेच नाही त्याचे श्रेय त्यांना मिळते, आणि जे केले ते योगायोग ठरते. चित्रपटगीतांच्या धुनी वाद्यांवर वाजवण्याची जी परंपरा मुंबईत होती, तिच्यात ते मुरलेले होते. नवे यंत्र आले की त्यातून आपले काम कसे काढून घ्यायचे, हे त्या धंद्याचे रोजचे कसब होते. ही तबकडी त्या कसबातून आली.

सिंग २०१५ मध्ये गेले. शर्यतीत त्यांचा क्रमांक कितवा, यापेक्षा त्यांनी विचारलेला प्रश्न मोठा आहे : तबला काढून घेतला, सम पुसली, तर रागात काय उरते? दहापैकी काही रागांत तरी बरेच उरते, आणि ते ऐकण्यासाठी शिकागोची साक्ष काढावी लागत नाही.