शोध लागतो पटकन, रांग लावायला वेळ जातो

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांना 'शोधगंगा' नवी नाही. आपल्या शिवाजी विद्यापीठाचे प्रबंधही तिथे आहेत. विषय टाकायचा, विद्यापीठ निवडायचं, वर्षानुसार क्रम लावायचा. वरून ही तिन्ही कामं सारखीच वाटतात. पण 'आमची प्रणाली इतक्या मिलिसेकंदात उत्तर देते' असा एकच आकडा दिला की त्यातलं नेमकं कोणतं काम मोजलं हेच कळत नाही. माझा आक्षेप त्या आकड्यावर आहे.

शोधगंगा डीस्पेसवर चालते, डीस्पेसचा शोध सोलरवर (सौरऊर्जेशी संबंध नाही) आणि सोलर ल्युसीनवर. ल्युसीनचा गाभा म्हणजे पुस्तकाच्या शेवटची सूची. 'ऊस' कोणत्या पानांवर आहे हे ती लगेच सांगते. तीच पानं वर्षानुसार लावा म्हटलं की अडते, कारण तिला शब्दावरून पान कळतं, पानावरून वर्ष नाही. पूर्वी ल्युसीन पहिल्या क्रमवारीच्या वेळी ही सूची उलटी करून मेमरीत भरायचा. 2012 च्या 4.0 आवृत्तीत डॉक-व्हॅल्यूज आल्या: इंडेक्स बांधतानाच प्रत्येक दस्तऐवजाचं वर्ष हजेरीपटासारखं वेगळ्या रकान्यात लिहून ठेवायचं. दिसायला साधा बदल, पण माझ्या मते ल्युसीनमधल्या सगळ्यात उपयोगी बदलांपैकी एक.

फिल्टरचा हिशेब वेगळा. ढोबळमानाने दस्तऐवजामागे एक बिट. पाच लाख प्रबंधांना 62,500 बाइट, म्हणजे किरकोळ. एक कोटी दस्तऐवजांना 12.5 लाख बाइट, आणि असे 512 फिल्टर कॅशेत धरले तर 64 कोटी बाइट! म्हणून तोच फिल्टर परत वापरला जाणार का, हे आधी बघावं लागतं.

इथंच मी आपटलो. 'गेल्या वर्षभरातले' हा फिल्टर मी 'नाऊ' वापरून लिहिला. सोलरचं 'नाऊ' मिलिसेकंदापर्यंत मोजतं, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला नवाच फिल्टर तयार व्हायचा. कॅशेचा उपयोग शून्य, उलट कामाचे जुने फिल्टर बाहेर ढकलले जात. वेळ दिवसापर्यंत गोल केल्यावर गाडी रुळावर आली. मग दुसरी चूक केली. प्रत्येक वेळी पहिली फेरी हळू यायची, ती 'गोंधळ' समजून वगळली आणि उरलेल्यांची सरासरी प्रगती अहवालात दिली. सरांनी आलेख बघून एवढंच विचारलं, "सकाळी पहिल्यांदा शोधणाऱ्या पोराला किती वेळ थांबावं लागतं?" अख्खा आलेख परत काढला. आता थंड आणि तापलेली कॅशे असे दोन आकडे वेगळे देतो, सोबत सगळ्यात हळू प्रश्नांचाही.

आणखी एक गोष्ट, जी इंग्रजी डेटावर चाचणी घेतली तर दिसतच नाही. नुसत्या युनिकोड क्रमांकानुसार लावलं तर कळस, कवच, कहर असा क्रम येतो, कारण तिथे 'ळ' हा 'ल'च्या लगेच मागे आहे. आपण शाळेत 'ह'नंतर 'ळ' शिकलो, म्हणजे कवच, कहर, कळस. हा क्रम हवा तर मराठीच्या नियमांनी वेगळी क्रम-किल्ली बनवून इंडेक्समध्ये साठवावी लागते. जागाही लागते, बांधणीचा वेळही. ही किल्ली न बनवता कुणी मराठी शीर्षकांच्या क्रमवारीचा वेग छापला असेल, तर आधी पहिली वीस शीर्षकं मागवून बघा.