बरे होणे आणि तरणे : ‘स्मृतिचित्रे’तील श्रद्धेचे रूप

नव्या कराराच्या मूळ ग्रीक संहितेत ‘सोझो’ हे एकच क्रियापद दोन अर्थांनी येते : व्याधीतून बरे करणे आणि पापातून तारणे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. लूककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात पापी गणली गेलेली एक स्त्री त्याचे पाय आसवांनी भिजवते. दोघींच्याही श्रद्धेविषयी येशू जे बोलतो, त्यातील क्रियापद मुळात एकच आहे. रूढ मराठी भाषांतरात मात्र पहिली ‘बरी’ होते, तर दुसरी ‘तारली’ जाते. हा भाषांतरकाराचा प्रमाद नव्हे. संदर्भानुसार निवड करणे त्याला भागच होते. परंतु या निवडीमुळे देहाचे आरोग्य आणि आत्म्याचे तारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी धारणा मराठी ख्रिस्ती परिभाषेत सहज रुजू शकली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त हे दुभंगलेले क्रियापद पुन्हा सांधले गेले आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

धर्मांतरित व्यक्तीच्या आत्मनिवेदनाचा एक आकृतिबंध एकोणिसाव्या शतकात सिद्ध झालेला होता. त्यात जीवनाचे ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ असे दोन भाग पडतात आणि त्यांच्यामध्ये एक निर्णायक क्षण असतो. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्राचे शीर्षकच अंधार आणि प्रकाश यांच्या द्वंद्वावर उभे आहे. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या साक्षीत हा आकृतिबंध अधिक गुंतागुंतीचा होतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला. ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी मिळाला, असा भेद त्या करतात. म्हणजे निर्णायक क्षण पुढे सरकतो, पण त्याची आवश्यकता संपत नाही.

‘स्मृतिचित्रे’ची (१९३४–३६) रचना या चौकटीत बसत नाही. तिचा आरंभ एका आघाताने होतो. १८५७च्या बंडात कुटुंबातील एका ज्येष्ठास फाशी होते आणि त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे विकोपाला जाते. लेखिका हे सारे विनोदाने सांगते आणि वाचक हसतो. मात्र या विनोदाखाली एक निदान दडलेले आहे. सोवळे येथे आचारधर्म म्हणून येत नाही. भयातून जडलेली आणि सगळ्या घराला वेठीस धरणारी व्याधी म्हणून ते येते. हीच व्याधी वारशाने कन्येकडे येते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर पतिपत्नींची ताटातूट होते. आणि पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परततात तेव्हाही आपली चूल आणि आपले पाणी निराळे ठेवतात. प्रेम आहे, पण स्पर्शाचे भय सुटलेले नाही.

या भयातून सुटका कशी होते? कोणत्याही प्रवचनाने वा दिव्य दर्शनाने नव्हे. जाती माणसाने केल्या, देवाने नव्हेत, हा विचार त्यांच्या मनात उगवतो आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असा निश्चय त्या करतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. कथनातील कालक्रमाचा हा तपशील अर्थाच्या दृष्टीने कळीचा ठरतो. आधी हात मोकळा होतो, मग विधी येतो. शुभवर्तमानातील त्या स्त्रीशी असलेले साम्य येथे उघड होते. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे तीही अशुद्ध होती. तिचे बरे होणे म्हणजे केवळ रक्तस्राव थांबणे नव्हते, तर स्पर्शाच्या जगात परत येणे होते. तिची कृतीही ‘शिवणे’ हीच आहे.

मराठी समीक्षेने ‘स्मृतिचित्रे’चा गौरव मुख्यतः प्रांजळपणा, घरगुती शैली आणि विनोद या गुणांसाठी केला, आणि श्रद्धा हा चरित्रातील एक प्रसंग म्हणून बाजूला ठेवला. याउलट, धार्मिक वाचन तीच संहिता ‘साक्ष’ म्हणून स्वीकारते आणि विनोदाकडे अलंकार म्हणून पाहते. दोन्ही वाचने एकाच चुकीची भागीदार आहेत. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करणाऱ्या लेखिकेला तारणाची परिभाषा अपरिचित नव्हती. तरीही आत्मचरित्रात ती मोजकीच येते, ही लेखिकेची निवड मानली पाहिजे. ज्या भयाने एकेकाळी घर ग्रासले होते त्याला हसता येणे, हेच येथे बरे झाल्याचे लक्षण आहे. विनोद हाच या संहितेतील श्रद्धेचा आविष्कार होय.

तथापि या प्रतिपादनाला एक मर्यादा आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सोवळे ही ज्यांना जडलेली व्याधी होती, त्यांच्या आरोग्याची ही कथा आहे. नगर जिल्ह्यातील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत बहुसंख्य असलेल्या महार आणि मांग ख्रिस्ती कुटुंबांना ही व्याधी नव्हती. त्यांना इतरांच्या या व्याधीने घायाळ केले होते. रोग्याचे बरे होणे आणि घाव भरणे या दोन भिन्न प्रक्रिया आहेत. पहिल्या प्रक्रियेत भय टाकावे लागते. दुसऱ्या प्रक्रियेत न्याय मिळावा लागतो, आणि चर्चच्या आतही जात टिकून राहिली हे पाहता तो पुरता मिळाला असे म्हणता येत नाही. लक्ष्मीबाईंनी आपल्या वाट्याचे सांगितले. दुसऱ्यांच्या वतीने बोलण्याचा आव त्यांनी आणला नाही. म्हणूनच त्यांच्या संहितेला मराठी ख्रिस्ती अनुभवाचे एकमेव प्रातिनिधिक रूप मानणे तिच्यावरही अन्यायाचे आहे.

दुभंगलेले क्रियापद येथे सांधले जाते ते स्पर्श करणाऱ्या हाताच्या बाजूने. ज्याला स्पर्श नाकारला गेला, त्याच्या बाजूने ते सांधले गेले आहे काय, या प्रश्नाचे उत्तर ‘स्मृतिचित्रे’त शोधता येणार नाही. ते दलित ख्रिस्ती आत्मनिवेदनांत शोधावे लागेल, आणि तेथेही ‘तारण’ या शब्दापाशी न थांबता कोण कोणाच्या हातचे पाणी पितो, येथूनच वाचनाला आरंभ करावा लागेल.