टिग वेल्डिंग यंत्रांची तुलना : आर्क-आरंभाच्या दृष्टीने एक चिकित्सा

प्रस्तावना :

तंत्रनिकेतन, औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या कार्यशाळेसाठी टिग वेल्डिंग यंत्र निवडताना जो तुलनात्मक तक्ता केला जातो, त्यात बहुधा तीन रकाने ठळक असतात : कमाल ॲम्पिअर, ड्यूटी सायकल आणि किंमत. आर्क कसा सुरू होतो, हा रकाना असलाच तर 'एचएफ आहे' किंवा 'नाही' एवढ्या नोंदीवर संपतो. वस्तुतः ज्या प्रक्रियेला आपल्याकडील कारखान्यांत सरसकट 'आर्गन वेल्डिंग' म्हटले जाते, तिच्या गुणवत्तेचा मोठा भाग पहिल्या क्षणार्धातच ठरतो. आयईसी ६०९७४ या आंतरराष्ट्रीय मानकाने आर्क पेटविणाऱ्या व स्थिर राखणाऱ्या उपकरणांसाठी तिसरा भाग स्वतंत्रपणे राखून ठेवला आहे. खरेदीच्या कागदात मात्र त्यास एक ओळही मिळत नाही, ही विसंगती विचारात घेण्याजोगी आहे.

आर्क-आरंभाचे स्वरूप :

टंगस्टनचे टोक आणि जॉब यांच्यामध्ये दोन-तीन मिलीमीटर आर्गन वायू असतो. यंत्राचा खुला व्होल्टेज साधारणतः साठ ते ऐंशी व्होल्टच्या आसपास असतो. आर्क एकदा पेटला की तो दहा-वीस व्होल्टवर सुखाने चालतो. परंतु थंड वायूचे हे अंतर भेदण्यास काही हजार व्होल्ट लागतात. या दोन आकड्यांमधील दरी कशी ओलांडावयाची, हाच आर्क-आरंभाचा प्रश्न होय. मराठी परिभाषेत आर्कला 'प्रज्योत' हा शब्द घडविला गेला. तो अर्थवाही असला, तरी कार्यशाळेत कोणी उच्चारत नसल्याने येथे आर्क हाच शब्द योजला आहे.

हा प्रश्न नवा नाही. १९४१ च्या सुमारास अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी टंगस्टन आणि हेलियम यांची ही पद्धती सिद्ध केली. आरंभी टंगस्टन धन टोकाला जोडल्याने ते अतिशय तापे व त्याचे कण जोडात उतरत. ते ऋण टोकाला जोडल्यावर हा दोष गेला. परंतु ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर निघेनासा झाला. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तर त्याचा ऑक्साइड दोन हजार अंशांच्याही वर. त्यामुळे हा थर हटविल्यावाचून गत्यंतर नव्हते. प्रत्यावर्ती प्रवाह आणि त्यावर अध्यारोपित केलेला उच्च वारंवारतेचा, उच्च दाबाचा प्रवाह या जोडीने पुढे मार्ग निघाला. म्हणजेच ज्यास आज माहितीपत्रकात 'एचएफ' हे एक वैशिष्ट्य म्हणून मिरविले जाते, ते मुळात शून्यबिंदूवर विझणारा आर्क पुन्हा पेटता ठेवण्याच्या निकडीतून रुजले. जुन्या रोहित्राधारित यंत्रांत ॲल्युमिनियमसाठी एचएफ अखंड चालू ठेवावा लागे. इन्व्हर्टर यंत्रांत प्रवाहाची दिशा इतक्या झटकन बदलते की बहुतांशी तो आरंभापुरताच लागतो. तक्त्यातील 'एचएफ आहे' ही नोंद हा भेद झाकून टाकते.

स्पर्श, उचल आणि ठिणगी :

सर्वांत जुनी व स्वस्त पद्धती घासून आर्क मारण्याची. साध्या आर्क वेल्डिंगच्या इन्व्हर्टरला झडपेची टॉर्च जोडली की ती साध्य होते. बाजारात अशी यंत्रेही 'टिग' या नावाने विकली जातात. येथे हरकत घ्यावयास हवी. घासताना पूर्ण प्रवाह वाहतो, टंगस्टनचे टोक चिकटते, तुटते आणि त्याचा कण जोडात राहतो. टंगस्टन पोलादाहून कितीतरी घन असल्याने क्ष-किरण चित्रात हा कण पांढऱ्या ठिपक्याच्या रूपाने उमटतो. दाबाखालील नळीच्या पहिल्याच थरात असा ठिपका निघाला तर तो जोड कापून पुन्हा करावा लागण्याची वेळ येऊ शकते.

'लिफ्ट' पद्धतीत टोक जॉबला टेकते तेव्हा यंत्र अगदी अल्प प्रवाह सोडते. टोक उचलल्याचे व्होल्टेजवरून ओळखून मगच ठरविलेला प्रवाह देते. स्टेनलेस स्टीलच्या कामात ही पद्धती समाधानकारक ठरते. ॲल्युमिनियमवर मात्र टोक टेकले की दूषित होते. नावांचा घोळ येथे विशेष आहे. मिलर या कंपनीचे 'लिफ्ट आर्क' आणि लिंकनचे 'टच स्टार्ट टिग' यांत तत्त्वतः फरक नाही; पण दोन माहितीपत्रके शेजारी ठेवणाऱ्यास ती दोन भिन्न तंत्रे भासतात. उलट, घासून पेटविणाऱ्या यंत्रावरही 'लिफ्ट'ची चिठ्ठी लागली तर ते खरोखर लिफ्ट मानले जाते. नावापेक्षा टेकल्याक्षणी प्रवाह किती, हे विचारणे हीच खरी कसोटी.

स्पर्शाविना पेटणारा एचएफ श्रेष्ठ, ही समजूत प्राध्यापकवर्गातही दृढ आहे. तीही तपासून पाहावयास हवी. टोक स्वच्छ राहते, हे निर्विवाद. परंतु ही ठिणगी एक लहानसे रेडिओ प्रक्षेपकच असते. सदोष अर्थिंग आणि लांब केबल यांच्या साहाय्याने ती शेजारच्या संगणक प्रयोगशाळेत, सीएनसी यंत्राच्या नियंत्रकात किंवा मापन उपकरणात शिरते. याच मानकाचा दहावा भाग विद्युतचुंबकीय अनुरूपतेसाठी आहे, तो निष्कारण नव्हे. हृदयात पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने अशा यंत्राजवळ जाण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा, हा इशाराही यंत्राच्या पुस्तिकेत असतो. एकाच इमारतीत कार्यशाळा आणि संगणक विभाग असणाऱ्या महाविद्यालयात हा विचार तक्त्याबाहेर राहणे परवडणारे नाही.

शिवाय एचएफ हे यंत्राच्या पेटीपुरते मर्यादित नसते. टॉर्चचे आवरण तडकलेले किंवा ओले असेल, तर ठिणगी टोकाऐवजी वाटेतच निसटते. केबल लांबली की तिचा जोर ओसरतो. जुन्या यंत्रांतील स्पार्क गॅपची टोके झिजतात व त्यांचे अंतर पुन्हा बसवावे लागते. यंत्र बिघडले म्हणून कोपऱ्यात पडते, तेव्हा दोष पुष्कळदा एवढाच असतो.

तुलनेत काय असावे :

टंगस्टनचा व्यास आणि आरंभीचा प्रवाह यांचा मेळ हा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा होय. १ मिलीमीटर टोकाला जोरकस आरंभ दिल्यास ते गोळा होते, ३.२ मिलीमीटरच्या टोकाला तोच आरंभ अपुरा पडतो. म्हणूनच काही प्रगत इन्व्हर्टर यंत्रे वापरणाऱ्यास आधी व्यास विचारतात. टोकाचा प्रकारही येथे येतो : लाल पट्ट्याचे थोरियमयुक्त टंगस्टन सहज पेटते, परंतु थोरियम किरणोत्सारी असल्याने घासताना उडणारी धूळ विद्यार्थ्यांच्या श्वासात जाते. लँथनम किंवा सेरियमयुक्त टोके हा पर्याय उपलब्ध असता कार्यशाळेत लाल पट्टी चालू राहावी, याचे समर्थन करणे कठीण आहे. वायूचेही तसेच. हेलियमच्या अणूचे आयनीकरण २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टला होते, आर्गनचे १५.८ ला; त्यामुळे आर्गनवर उत्तम पेटणारे यंत्र हेलियमवर अडखळू शकते.

प्रात्यक्षिकाच्या वेळी विक्रेता बहुधा शंभर ॲम्पिअरवर, आखूड टॉर्चने, जाड पत्र्यावर आर्क पेटवून दाखवितो. तेथे कोणतेही यंत्र पेटते. पाच-दहा ॲम्पिअरवर, आठ मीटरच्या टॉर्चने, १ मिलीमीटर टंगस्टनसह तोच आर्क लागोपाठ वीस वेळा पेटवून पाहण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. त्या वीसपैकी किती वेळा आर्क पहिल्या प्रयत्नात पेटला, हा आकडा तुलनात्मक तक्त्यात ड्यूटी सायकलच्या शेजारी लिहिता येण्यासारखा आहे.